हेलफायर पास: चार मीटरला एक माणूस

सोलापुरातनं थायलंडला जाणारी माणसं आता काही कमी नाहीत. बँकॉक, पट्टाया, बेटावरची बोट, एक दिवस खरेदी, झालं पॅकेज. आम्हीही तसेच गेलो, मी, मंडळी आणि पुण्यात नोकरीला असलेला मुलगा. पण खरेदीचा दिवस आम्ही कांचनाबुरीला, तिथल्या हेलफायर पास या महायुद्धातल्या रेल्वेच्या खिंडीला दिला, आणि घरी येऊन दोन महिने झाले तरी तो दिवस डोक्यातून जात नाही. कुणी जाणार असेल तर त्याच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

मी रेल्वेच्या रूळ खात्यात ३६ वर्षं काढली. गँगमन म्हणून लागलो, कीमन झालो, मुकादम झालो, शेवटी सुपरवायझर म्हणून रिटायर. कुर्डुवाडी, मोहोळ, होटगी, दुधनी, सगळीकडं उन्हात रूळ ओढलेत. त्यामुळं कुठंही गेलो तरी नजर आधी खाली जाते. रूळ कसा आहे, खडी किती आहे, पाणी कुठनं निघतं. हेलफायर पासला मी याच नजरेनं गेलो.

टूरवाल्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काका, तिथं काय बघायचंय, नुसता डोंगरातला खड्डा आहे." दिवस बदलून दिला नाही आणि त्या दिवसाचे पैसेही परत दिले नाहीत. शेवटी मुलानं बँकॉकहून गाडी ठरवली. सकाळी सहाला निघालो. कांचनाबुरी साधारण १३० किलोमीटर, आणि तिथून पुढं ३२३ नंबरच्या हायवेनं आणखी ८०. रस्ता चांगला आहे. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी सोबत होती, ती गाडीतच खाल्ली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात जपाननं ब्रह्मदेश घेतला. तिथल्या फौजेला समुद्रातून रसद पोचवणं धोक्याचं झालं, बोटी बुडायला लागल्या. म्हणून थायलंडमधल्या नाँग प्लादुकपासून ब्रह्मदेशातल्या थानब्यूझायापर्यंत ४१५ किलोमीटरची मीटरगेज लाईन टाकायचं ठरलं. १९४२ मध्ये दोन्ही टोकांकडनं काम सुरू झालं आणि १७ ऑक्टोबर १९४३ ला कोनकोइता इथं रूळ जोडले गेले. आपली सोलापूर ते मुंबई लाईन ४५५ किलोमीटरची आहे. म्हणजे सोलापूरहून निघायचं, मधला बोर घाट धरायचा आणि पार दिव्यापर्यंत जायचं, एवढं काम दीड वर्षाच्या आत. तेही जंगलात, पावसाळा अंगावर घेऊन, कुदळ, फावडं, घण आणि टोपल्यांवर. माझ्या नोकरीत आठ किलोमीटर रूळ बदलायला किती माणसं, किती मशीन आणि किती ब्लॉक लागायचे ते मला माहीत आहे. हा हिशेब कागदावर मांडला तरी अंगावर येतो.

ही माणसं आणली कुठनं? युद्धकैदी ६० हजारांवर होते. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि थोडे अमेरिकन. त्यातले १२ हजारांवर मेले. दुसरे आशियातले मजूर, त्यांना जपानी लोक रोमुशा म्हणत. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, शिवाय ब्रह्मी, जावामधले, मलय, चिनी. सुरुवातीला पगार देतो, धान्य देतो म्हणून नेले, नंतर धरून नेले. काहींची बायकापोरं बरोबर होती. त्यांचा आकडा पावणेदोन-दोन लाखांच्या घरात, काही जण त्याच्याही वर सांगतात. मेलेल्यांचा अंदाज ९० हजारांच्या आसपास. हा अंदाजच, कारण त्यांची नोंद कुणी नीट ठेवलेलीच नाही.

आता जागेबद्दल. हेलफायर पासचं केंद्र ऑस्ट्रेलिया सरकार चालवतं. १९९८ मध्ये ते उघडलं. इथं कैदी म्हणून राबलेला एक ऑस्ट्रेलियन सैनिक १९८० च्या दशकात परत आला, झाडीत गडप झालेली ही खिंड शोधली आणि ती जपावी म्हणून सरकारच्या मागं लागला, त्यातनं हे उभं राहिलं. आत जायला पैसे पडत नाहीत. कानाला लावायचं ऑडिओ यंत्रही फुकट मिळतं, ते न चुकता घ्या. त्यात वाचलेल्या कैद्यांचे स्वतःचे आवाज आहेत. म्हातारी माणसं, थांबून थांबून सांगतात. इंग्रजी पटकन कळत नसेल तर बरोबरच्या कुणाला थांबवत थांबवत सांगायला लावा, आमच्या मुलानं तसंच केलं. हॉल स्वच्छ, थंड, मांडणी नेटकी. मोजकं ठेवलंय, गर्दी केलेली नाही. अर्धा तास पुरतो. त्याहून जास्त वेळ तिथं घालवू नका, कारण खरी जागा खाली आहे.

खाली जायला लाकडी पायऱ्या आहेत, बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश उतरावं. मंडळींना मध्ये तीनदा बसावं लागलं. ऊन आपल्याइतकं कडक नाही, पण हवा दमट, दहा मिनिटांत सदरा पिळून काढावा असा ओला. दोन्ही बाजूंना बांबू. वारा आला की बांबू एकमेकांवर घासतात, त्याचा आवाज येत राहतो. पायाखाली जुन्या लाईनची खडी लागली आणि मी थांबलो. चालताना खडीचा जो आवाज येतो तो मला झोपेतही ओळखू येतो. ८० वर्षांपूर्वी टाकलेली खडी, तिच्यावर आज रूळ नाही, पण तिचा चढ-उतार आणि वळण जसंच्या तसं आहे. वळणाला बाहेरची बाजू किती उचललेली असेल तेसुद्धा डोळ्यांसमोर उभं राहिलं.

मग खिंड येते. तिचं दुसरं नाव कोन्यू कटिंग. मुख्य कटिंग साधारण ७५ मीटर लांब आणि २५ मीटर खोल. २५ मीटर म्हणजे आठ मजल्यांची इमारत. रुंदी गाडी जेमतेम जाईल एवढीच. दोन्ही बाजूंना उभा खडक, मध्ये आभाळाची पट्टी. ऐन लाईनच्या जागी एक झाड वाढलंय. ज्या जागी स्लीपर, म्हणजे रुळाखालचे आडवे लाकडी ठोकळे, होते तिथून खोड वर गेलंय. खाली थोडे जुने लाकडी स्लीपर आणि रुळाचा छोटा तुकडा ठेवलाय. मी पावलं लावून गेज बघितला, मीटरच. विजापूरची लाईन ब्रॉडगेज व्हायच्या आधी सोलापूरला हाच गेज रोज नजरेखालून जायचा. एवढ्या लांब जंगलात तो भेटला तेव्हा कसं वाटलं ते नीट सांगता येणार नाही.

भिंतीजवळ जा आणि खडकाला हात लावा. हे मी सगळ्यांना सांगेन. खडकात उभ्या खाचा आहेत, अर्ध्या नळीसारख्या, वरून खाली गेलेल्या. ही सुरुंगाची भोकं. दोघांची जोडी असायची. एक जण पोलादी पहार धरून बसायचा, दुसरा घण घालायचा. प्रत्येक घावाला धरणाऱ्यानं पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती अडकते. मध्ये पाणी ओतायचं, आतला चिखल तारेच्या पळीनं काढायचा, परत घण. भोक खोल झालं की दारू भरून उडवायचं आणि फुटलेला दगड हातानं उचलून टाकायचा. आपल्याकडं वडार समाजाची माणसं असंच काम करायची, मी लहानपणी बघितलंय. पण वडाराच्या पोटात भाकरी असायची आणि रात्री तो घरी जायचा. इथं मूठभर भात, अंगात मलेरिया, हगवण, पायावर चिघळलेल्या जखमा आणि मागं काठी. एका ठिकाणी पहारीचं तुटलेलं टोक अजून खडकात रुतून आहे. गंज चढलाय. कुणाच्या तरी हातातनं ते तुटलं असणार, आणि तुटल्याबद्दल त्याला काय भोगावं लागलं असेल ते त्यालाच ठाऊक.

मुलानं ऑडिओवरचं सांगितलं की सुरुवातीला एका जोडीला दिवसाला एक मीटर भोक पाडायचं ठरलेलं होतं, मग ते वाढवत वाढवत तीन मीटरपर्यंत नेलं. आमच्या मंडळींनी ३० वर्षं विड्या वळल्यात. त्यांनी त्या खाचेत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आधी हजार, मग बाराशे, मग पंधराशे. ठेका वाढवला की ओ." मी ३६ वर्षं रेल्वेत घालवली, पण ती जागा त्यांना माझ्याआधी कळली.

१९४३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात काम मागं पडायला लागलं तशी पहारेकऱ्यांनी "स्पीडो, स्पीडो" अशी ओरड सुरू केली. रोज १८-१८ तास काम. रात्री बांबूच्या शेकोट्या आणि तेलाचे दिवे लावून खिंडीत काम चालायचं. वरून बघणाऱ्या कैद्यांना खाली जाळ, भिंतीवर हलणाऱ्या सावल्या आणि हाडांचे सापळे झालेली माणसं दिसली, नरकाची आगच वाटली, म्हणून हेलफायर हे नाव. आम्ही दुपारी गेलो होतो, स्वच्छ उजेड होता. तरी वरच्या वाटेनं कटिंगच्या काठावर उभं राहून खाली बघितलं तेव्हा मला ते नाव पटलं. ही वरची वाट टाळू नका. खालून खिंड भिंतीसारखी दिसते, वरून तिची खोली कळते.

वर एका बाकावर बसून मी हिशेब केला. मेलेली माणसं एक लाखावर धरली आणि ४१५ किलोमीटरला भागलं, तर दर चार मीटरला एक माणूस येतो. आमचा रूळ १३ मीटरचा असतो. म्हणजे एका रुळाला तीन माणसं. कीमननं रोज पायी तपासायचा पट्टा पाच-सहा किलोमीटरचा. तेवढ्यात बाराशे ते पंधराशे.

कटिंगच्या टोकाला स्मारकाचा दगड आहे. लोक तिथं छोटे झेंडे, कागदी लाल फुलं, लाकडी क्रूस ठेवतात. दरवर्षी २५ एप्रिलला, त्यांच्या सैनिकांच्या स्मृतिदिनी, पहाटे ऑस्ट्रेलियन माणसं इथं अंधारात जमतात आणि उजाडेपर्यंत थांबतात. डनलॉप नावाचे एक सर्जन या छावण्यांत कैदी होते. नदीच्या पाण्याचं सलाईन आणि बांबूच्या नळ्या वापरून या छावण्यांतल्या डॉक्टरांनी कॉलऱ्याचे रोगी वाचवले. डनलॉप वारल्यावर त्यांची थोडी राख १९९४ मध्ये इथं आणून ठेवली. ते वाचताना मला आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. याच लाईनचं काम चाललेलं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, ते चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेले. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक केलंय, पोरांना शाळेतून तिथं नेतात. चार हुतात्म्यांची नावं तर आपल्याकडं कुणालाही झोपेतून उठवून विचारा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. नाव राहिलं की माणूस राहतो, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको.

आम्ही उतरलो तेव्हा स्मारकापाशी एक कुटुंब उभं होतं. सत्तरीचा माणूस, त्याची सून आणि नातू. मलेशियाहून आलेले तमिळ. त्यानं पानावर सुपारी आणि एक केळं ठेवलं, हात जोडले, आणि नातवाला खडकाकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द मला कळला. तात्ता. आम्ही पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. आमच्याकडं आजोबाला ताता म्हणतात. मंडळी पटकन पुढं झाल्या आणि त्यांनी विचारलं, "ताता?" तो माणूस वळला, मान हलवली, परत म्हणाला, "तात्ता." पुढचं मुलानं इंग्रजीत विचारून घेतलं. त्याचे आजोबा मळ्यावर रबराचा चीक काढायचे. एक दिवस ट्रक आला, मळ्यातली माणसं घेऊन गेला. आजी मरेपर्यंत वाट बघत होती. नेमके कुठं मेले ते माहीत नाही, मेले तो दिवस माहीत नाही. म्हणून लाईनवर जमेल तितक्या ठिकाणी तो जातो आणि पान ठेवतो. निघताना ते पान आणि केळं त्यानं परत पिशवीत घेतलं, जागा स्वच्छ ठेवली.

आमचे पूर्वज तेलंगणातून पोटासाठी निघाले आणि सोलापूरच्या मागांवर आले. किनाऱ्याकडच्या तेलुगू आणि तमिळ मुलखातली माणसं तशीच पोटासाठी निघाली आणि बोटीनं ब्रह्मदेशात, मलायात गेली. फरक फक्त कुणी कुठली वाट धरली एवढाच.

केंद्राबद्दल माझी एक तक्रार आहे ती इथंच लिहितो. रोमुशांचा उल्लेख तिथं आहे, आकडेही दिलेत, लपवलेलं काही नाही. पण मी ऐकलेले सगळे आवाज कैद्यांचे होते. कैद्यांना अधिकारी होते, डॉक्टर होते, जीव धोक्यात घालून त्यांनी डायऱ्या लिहिल्या, चित्रं काढली. पाणी उकळून प्या हे सांगणारं त्यांच्यात कुणीतरी होतं. मजुरांच्या छावण्यांत असं कुणी जवळजवळ नव्हतंच. १९४३ च्या पावसाळ्यात कॉलरा आला तेव्हा तिथं छावण्याच्या छावण्या ओस पडल्या. ज्याला लिहिता येतं त्याची आठवण राहिली. हा दोष आजच्या केंद्राचा नाही हे मला कळतं. पण जास्त मेले त्यांना भिंतीवर जास्त जागा हवी, असं माझं मत आहे.

परतताना कांचनाबुरी गावातल्या युद्धस्मशानात गेलो. तिथंही पैसे नाहीत. जवळजवळ ७ हजार कबरी, हिरवळ कापलेली, प्रत्येक पाटीपाशी फुलझाड, पाटीवर नाव, वय, पलटण. वय २२, २४, २३. दोन कबरींत मिळून ३०० जणांची राख आहे. तिथल्या स्मारकावर अखंड हिंदुस्थानच्या फौजेतल्या ११ जणांची नावं कोरलीत. थायलंडमध्ये ते इतरत्र मुसलमान कब्रस्तानांत पुरले होते, त्या कबरी राखता आल्या नाहीत म्हणून नावं इथं आणली. ती अकराच्या अकरा मी मोठ्यानं वाचली. रोमुशा मजुरांसाठी अशी नावांची हिरवळ नाही. शेजारच्या थायलंड-बर्मा रेल्वे सेंटरला तिकीट आहे, पण लाईन कशी टाकली, कुठं किती माणसं होती, हे नकाशासकट समजून घ्यायचं तर तिथं तासभर द्या. वर चहा मिळतो आणि खिडकीतून सगळं स्मशान दिसतं.

नदीकाठच्या देवळातलं जीथ (JEATH) नावाचं संग्रहालय आम्ही नुसतं बाहेरून बघितलं. जपान, इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया, थायलंड, हॉलंड, या देशांची आद्याक्षरं जोडून ते नाव केलंय. त्यात तमिळांचं अक्षर नाही, जावाचं नाही, ब्रह्मदेशाचं नाही.

क्वाय नदीवरचा प्रसिद्ध पूल बघायचा तर बघा. फोटो काढायला गर्दी असते, दुकानं आहेत. रेल्वेवाल्यांसाठी एवढंच की कमानदार गर्डर मूळचे, जावाहून आणलेले, आणि मधले दोन सरळ गर्डर १९४५ च्या बॉम्बफेकीनंतर जपाननं भरपाई म्हणून बसवलेले. त्यापेक्षा याच लाईनच्या अजून चालू असलेल्या तुकड्यावर, नाम तोक स्टेशनहून सुटणाऱ्या गाडीत बसा. परदेशी माणसाला १०० बाट. थम क्रासेला कड्याला खेटून लाकडी पूल आहे, गाडी तिथं माणसाच्या चालीनं जाते आणि खाली नदी. मी दारात उभा होतो. लाकूड दबल्याचा आवाज येतो, पण धक्का नाही. त्यांनी ज्या हालात बांधलं ते बघता लेव्हल इतकी नीट कशी राहिली याचं मला अजून नवल वाटतं.

मुंबईत उतरून रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालो. कर्जतला मागं बँकर इंजिनं लागली तेव्हा मी जागाच होतो. हा बोर घाट १८६३ मध्ये सुरू झाला आणि बांधताना कॉलऱ्यानं, पडझडीनं हजारो मजूर मेले, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. नावं तेव्हाही सांगितली नव्हती, मीही कधी विचारली नव्हती. मंडळी वरच्या बर्थवरनं म्हणाल्या, "झोपला नाही होय?" मी म्हटलं, बोगदे मोजतोय.

माझ्याकडून खिंडीला पाचपैकी पाच, केंद्राला चार. जाणाऱ्यांनी सकाळी लवकर पोचावं, बरोबर पाणी आणि टोपी न्यावी, पायात बूट हवेत, चप्पल नको. पुढची लांब वाट कॉम्प्रेसर कटिंगपर्यंत जाते, ती चालणार असाल तर आधी केंद्रात सांगून जा. दहा-बारा वर्षांच्या वरच्या पोरांना खुशाल न्या. आणि टूरवाला खड्डा म्हणाला तर त्याला सांगा, आम्हाला तोच बघायचाय.